हात धुतले का, हे विचारू नका : स्किल लॅबमध्ये संसर्ग नियंत्रण शिकवताना

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या कुठल्याही मुलीला हात धुण्याच्या पायऱ्या विचारा. तळव्यावर तळवा, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखं... घडाघडा म्हणून दाखवेल, वर करूनही दाखवेल. तीच मुलगी तासाभराने वॉर्डात ग्लोव्हज घालून युरो बॅग, म्हणजे पेशंटची लघवी साठणारी पिशवी, रिकामी करत असते. तेवढ्यात शेजारच्या कॉटवरून हाक येते, "सिस्टर, सलाईन संपलं!" आणि ती त्याच ग्लोव्हजने जाऊन सलाईनचा रोलर बंद करते. वर नातेवाइकाला समजावूनही सांगते, काळजी करू नका म्हणून.

तिला पायऱ्या येत नाहीत असं नाही. हात दुसऱ्या कामात गुंतले की त्या तिला आठवत नाहीत, आणि आपली परीक्षा मात्र हात मोकळे असतानाच होते. सिम्युलेशनचा, म्हणजे लॅबमध्ये खोटा पेशंट आणि खोटा प्रसंग उभा करून शिकवण्याचा, खरा उपयोग इथे आहे. हा लेख नव्याने ट्यूटर झालेल्यांसाठी आहे. लाखांची डमी नसलेल्या, एका खोलीत तीस मुली आणि एकच बेसिन असलेल्या लॅबमध्ये मी जे करत आले, ते त्याच क्रमाने लिहिते.

आधी एकच गोष्ट ठरवा

नवा ट्यूटर पहिला घोळ घालतो तो इथे. एका तासात हात, पीपीई (ग्लोव्हज, गाऊन, मास्क असं संरक्षक साहित्य), कचरा, सुया, आयसोलेशन, सगळं कोंबायला जातो. मुलींची पळापळ होते आणि शेवटी लक्षात राहतं ते एवढंच, की मॅडम ओरडल्या. एका प्रसंगाला एक उद्देश ठेवा, फार तर दोन. आणि तो असा लिहा की घडला की नाही ते डोळ्यांनी दिसेल. "विद्यार्थिनींना संसर्ग नियंत्रणाचे महत्त्व समजेल" हे वाक्य लेसन प्लॅनमध्ये शोभून दिसतं, पण महत्त्व समजलं हे बघणार कुठे? त्यापेक्षा असं लिहा: "युरो बॅगला हात लागल्यानंतर आणि कॅन्युलाला (शिरेत घातलेल्या नळीला) हात लावण्याआधी ग्लोव्हज काढून हात स्वच्छ करेल." मग निरीक्षण करणाऱ्या मुलीलाही टिक करायची की फुली मारायची, हा प्रश्न पडत नाही.

बी.एस्सी. नर्सिंगच्या सुधारित अभ्यासक्रमात संसर्ग नियंत्रण आणि सुरक्षितता सूक्ष्मजीवशास्त्राला जोडून तिसऱ्या सत्रात येते, त्यामुळे तिथे लॅबला वेळ मिळतो. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेला, नर्सिंग फाउंडेशनच्या तासांतूनच तो काढावा लागतो. दोन्हीकडे क्रम मात्र एकच ठेवा. आधी नुसते हात, मग ग्लोव्हज आणि गाऊन, आणि ते अंगवळणी पडल्यावरच पूर्ण प्रसंग.

लॅब वॉर्डासारखी करा

बऱ्याच स्किल लॅब इन्स्पेक्शनला दाखवण्यासाठी मांडलेल्या असतात. चादरीवर सुरकुती नाही, ट्रेमधलं सामान ओळीत, डमीच्या अंगावर इस्त्रीचे कपडे. अशा खोलीत चूक करायला जागाच नसते. वॉर्डात लॉकरवर स्टीलचा डबा असतो, पाण्याची बाटली असते, गोळ्यांच्या पट्ट्या, एक्स-रेचं पाकीट, अर्धं सोललेलं केळं असतं. कॉटच्या दांडीवर टॉवेल वाळत असतो. किडनी ट्रे ठेवायला जागा मिळत नाही, म्हणून मुलगी तो डब्याशेजारी नाहीतर सरळ पेशंटच्या पायाशी ठेवते. तो पसारा लॅबमध्ये आणा. मी घरातला जुना डबा आणि फाटका टॉवेल कायमचे लॅबला देऊन टाकले आहेत.

डमी साधी असली तरी चालते. १९११ साली अमेरिकेतल्या हार्टफर्ड हॉस्पिटलच्या नर्सिंग शाळेसाठी मार्था चेस या बाहुल्या बनवणाऱ्या बाईंनी माणसाच्या मापाची बाहुली करून दिली, तिच्यावर तिथल्या मुली शिकल्या. 'मिसेस चेस' म्हणत तिला. ती काही बोलत नव्हती. आपल्या डमीला बोलतं करायचं तर उशाशी पडद्याआड एक मुलगी बसवा, तिने कण्हायचं, पाणी मागायचं, "बाई, दुखतंय हो" म्हणायचं. डमीच्या हातावर कॅन्युला चिकटवा, कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, आणि युरो बॅग जोडा, बॅगेत थोडा चहा घातलेलं पाणी भरा. झाला पेशंट.

हँडरबची, म्हणजे हातावर चोळायच्या अल्कोहोलच्या द्रावाची, बाटली कुठे ठेवायची, यावर मात्र नीट विचार करा. तुमच्या वॉर्डात ती सिस्टरांच्या काउंटरवर असेल तर पहिल्या फेरीला लॅबमध्येही तिथेच ठेवा. दुसऱ्या फेरीला ती कॉटच्या पायथ्याशी अडकवा आणि मुलींना दोन्ही फेऱ्यांतले आकडे मोजू द्या. बाटली हाताशी आली की हात किती जास्त वेळा स्वच्छ होतात हे त्यांचं त्यांनाच दिसतं, आणि उद्या इनचार्ज झाल्यावर बाटली कुठे टांगायची हेही कळतं.

कचऱ्याचे डबे खऱ्या रंगांचेच हवेत. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पिवळा, लाल, पांढरा आणि निळा, शिवाय साध्या कचऱ्याचा एक. याचा वेगळा तास घेत बसू नका. एका ट्रेमध्ये पाच वस्तू ठेवा आणि न बोलता टाकायला सांगा: लाल रंग लावलेला कापूस, सुई काढलेली सिरिंज, सुई, रिकामी ॲम्प्यूल (औषधाची काचेची कुपी), आणि ग्लोव्हजचं कागदी पाकीट. कापूस पिवळ्यात जातो, सिरिंज लाल पिशवीत, सुई पांढऱ्या, टोचून आरपार न जाणाऱ्या डब्यात, ॲम्प्यूल निळ्यात. कागदी पाकीट निम्म्या मुली पिवळ्यात टाकतात. ते साध्या कचऱ्यात जायला हवं, नाहीतर नुसता कागद जाळण्यासाठी हॉस्पिटल किलोच्या हिशेबाने पैसे मोजतं.

न दिसणारं दाखवायचं कसं

जंतू दिसत नाहीत, हीच या विषयाची मुख्य अडचण आहे. म्हणून यूव्ही, म्हणजे अतिनील, प्रकाशात चमकणारं काहीतरी लावायचं आणि ते कुठे कुठे पोचलं ते अंधारात बघायचं. यासाठी 'ग्लो जर्म'सारखी तयार लोशनं आणि पावडरी मिळतात. एकदा मागवलं तर पुरवून पुरवून वापरता येतं, कारण वाटाण्याएवढं पुरे होतं. ते नसेल तर साधं पेट्रोलियम जेलीही यूव्हीखाली निळसर चमकते. मी डबीभर जेलीत पिवळ्या हायलायटर पेनातली शाई मिसळते. मिश्रण आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघा, आणि कुणाला त्वचेची ॲलर्जी आहे का हे विचारल्याशिवाय मुलींच्या हाताला लावू नका. काही जणी कपडे धुण्याची पावडर सुचवतात. तीही चमकते, पण त्वचेला झोंबते, तेव्हा ती लॉकर, दांडी असल्या पृष्ठभागांपुरती ठेवा. हळद तेलात कालवली तर यूव्हीखाली झकास पिवळी दिसते, पण ती उजेडातही दिसते, त्यामुळे गुपित राहत नाही.

टॉर्च नोटा तपासायचा मिळतो तो चालतो. निवडायची सोय असेल तर ३६५ नॅनोमीटरचा घ्या, ३९५चा जांभळा उजेडच इतका पाडतो की फिकट डाग त्यात हरवतो. डोळ्यांवर मारायचा नाही, हे मुलींना पहिल्यांदाच बजावा.

आता एक गोष्ट, जी मला पहिल्या तासाला कुणी सांगितली असती तर माझी फजिती टळली असती. लाइट बंद केला, टॉर्च लावला आणि तीसच्या तीस ॲप्रन ट्यूबलाइटसारखे पेटले. पांढरे कपडे शुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत जे घातलेलं असतं तेच यूव्हीखाली चमकतं. पांढरा कागदही चमकतो. त्यामुळे ॲप्रनवर डाग लागला की नाही हे कळायला मार्ग नाही. प्रसंगाच्या दिवशी वरून रंगीत प्लास्टिकचा ॲप्रन घालायला लावा आणि केस पेपर खाकी पुठ्ठ्याच्या फायलीत ठेवा. सुरू करण्याआधी एकदा रिकाम्या खोलीत टॉर्च फिरवून मुळातच काय काय चमकतं ते बघून घ्या.

पहिला तास : हात

चमकणारं लोशन दोन तऱ्हांनी वापरता येतं, आणि दोन्हींत निकाल उलटा वाचायचा असतो. लोशन हँडरब समजून हातावर चोळलं तर जिथे चमकत नाही ती जागा सुटली. आधी लोशन लावून मग साबणाने हात धुतले तर जिथे चमकतं ती जागा सुटली. एका तासात दोन्ही घेऊ नका, मुलींचा आणि तुमचाही गोंधळ होतो.

मी पहिल्या तऱ्हेने सुरुवात करते. तळहातात वाटाण्याएवढं लोशन, आणि मनातल्या मनात मोजत चोळायचं. हँडरबला २० ते ३० सेकंद, साबण-पाण्याने धुताना सगळं मिळून ४० ते ६० सेकंद. लोशन चोळून झाल्यावर अंधार करायचा. काळे राहतात ते बहुतेक वेळा अंगठे, बोटांची टोकं आणि उजव्या हाताने काम करणाऱ्यांच्या उजव्याच हाताची मागची बाजू. म्हणजे ज्या टोकांनी आपण शीर चाचपतो, नेमकी तीच. मुलींना हे सांगायचं नाही. टॉर्च त्यांच्या हातात द्यायचा आणि एकमेकींचे हात कागदावर काढून सुटलेली जागा रंगवायला लावायची. ते कागद ठेवून द्या, सत्राच्या शेवटी कामाला येतात.

अंगठी, काचेच्या बांगड्या आणि मनगटावरचा लाल दोरा यांवर वाद घालू नका. दोरा देवाचा असतो, कुणाच्या आजीने बांधलेला असतो. हात धुऊन झाल्यावर त्यावर टॉर्च मारा, बस. भिजलेला दोरा कंदिलासारखा चमकतो. पुढच्या तासाला निम्मे दोरे दंडावर सरकलेले असतात.

जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले हात स्वच्छ करण्याचे पाच क्षण याच तासाला घ्या, पण फळ्यावर लिहून नका घेऊ. पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त-लघवीसारख्या द्रवाशी संपर्क आल्यानंतर, पेशंटला हात लावल्यानंतर, आणि पेशंटच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. पाचवा क्षण सगळ्यांत जास्त सुटतो, कारण लॉकर पुसला, चादर ओढली, याला पेशंटला हात लावणं असं कुणी मानतच नाही. डमीभोवती जमिनीवर सुतळीने एक चौकोन आखा. आत कॉट, लॉकर, सलाईन स्टँड. चौकोनात जाताना हात, बाहेर पडताना हात. दोन दिवस सुतळी, मग काढून टाका.

हँडरब सगळ्यावर चालत नाही, हेही याच वेळी सांगून टाका. हात मळलेले दिसत असतील तर साबण-पाणीच. आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसारख्या जंतूंचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत, ते वाहत्या पाण्याखालीच धुऊन काढावे लागतात.

ग्लोव्हज काढण्याचा तास

घालणं कुणालाही जमतं, संसर्ग होतो तो काढताना. यूव्ही लागत नाही, पोस्टर कलर पुरतो. मुलीला गाऊन, मास्क, गॉगल, ग्लोव्हज या क्रमाने घालू द्या. ग्लोव्हज गाऊनच्या बाहीवर चढले पाहिजेत. मग ग्लोव्हजना आणि गाऊनच्या पुढच्या बाजूला गडद निळा रंग फासा आणि सगळं उतरवायला सांगा. आधी ग्लोव्हज, मग गॉगल मागून धरून, मग गाऊन आतली बाजू बाहेर करत गुंडाळून, आणि मास्क सगळ्यांत शेवटी, पट्ट्यांना धरून. हात मध्ये कधीही खराब वाटले तर तिथेच स्वच्छ करायचे, आणि शेवटी तर करायचेच. टीबीसारख्या हवेतून पसरणाऱ्या आजाराचा प्रसंग असेल तर एन-९५ खोलीत जाण्याआधी घालायचा आणि खोलीबाहेर आल्यावर काढायचा. फुंकर मारून कडेने हवा निसटते का हे बघितल्याशिवाय आत सोडू नका.

रंग मनगटावर लागतो, हनुवटीवर लागतो, केसांना लागतो. घाई करू नका, तास पूर्ण होऊ द्या. पाण्याने निघणाराच रंग घ्या, हे सांगायला नको.

प्रसंग : शेवंताबाई, कॉट नंबर सात

इथपर्यंत मुलींना माहीत असतं की आज हात तपासणार आहेत. आता ते कळू द्यायचं नाही. प्रसंगाचं नाव संसर्ग नियंत्रण ठेवू नका. मी फळ्यावर लिहिते, "इंजेक्शन देणे व आउटपुट नोंदवणे". आउटपुट म्हणजे लघवी किती झाली ते.

शेवंताबाई, वय ६२, मधुमेह, पायाला जखम, उजव्या हाताला कॅन्युला, कॅथेटर. मुलीला कार्ड द्यायचं: "युरो बॅग रिकामी करून आउटपुट लिहा. दहा वाजताचं अँटिबायोटिक आयव्ही (शिरेतून) द्या." युरो बॅग मी मुद्दाम आधी लिहिते. स्वच्छ काम आधी आणि घाण काम नंतर, हा क्रम जी मुलगी स्वतःहून बदलते तिचं मला फार कौतुक वाटतं, पण असं वर्षातून दोन-तीनदाच घडतं.

चमकणारी जेली आधीच लावून ठेवा: युरो बॅगच्या तोटीवर आणि कॉटच्या दांडीवर. दोनच जागा पुरेत. नंतर डाग कुठून कुठे गेला याचा माग काढता आला पाहिजे, सगळीकडे लावलंत तर कशाचाच पत्ता लागत नाही.

सुरू करण्याआधी पाच मिनिटं बोला. कॉट, डमी, सामान दाखवा. काय खरं धरायचं आणि काय खोटं, ते सांगा. इथे जे घडेल ते या खोलीबाहेर जाणार नाही आणि याचे मार्क नाहीत, हेही सांगा. आणि सांगितलं की पाळा.

प्रसंग दहा मिनिटांचा. पहिली दोन मिनिटं मुलीला शांतपणे काम करू द्या. तिसऱ्या मिनिटाला, ग्लोव्हज घातलेले आणि तोटी उघडी असताना, नातेवाईक झालेली मुलगी हाक मारते, "सिस्टर, सलाईन थांबलंय, हवा जाईल ना आत!" पाचव्या मिनिटाला काउंटरवरचा फोन वाजतो. सातव्या मिनिटाला शेवंताबाई पाणी मागतात. एवढंच. याहून जास्त अडथळे घातले तर तो प्रसंग राहत नाही, तमाशा होतो.

बाकीच्या मुली बघ्या नकोत. दोघींना पाच क्षणांचा तक्ता द्या: संधी किती आल्या, हात किती वेळा स्वच्छ केले. एकीला फक्त बॅगेकडे लक्ष ठेवायला सांगा: मूत्राशयाच्या पातळीखाली आहे का, जमिनीला टेकली का, तोटी मापाच्या भांड्याला लागली का. एकीला कॅन्युलाकडे: हब, म्हणजे सिरिंज जोडायचं तिचं तोंड, अल्कोहोल स्वॅबने १५ सेकंद चोळला का, वाळू दिला का. चोळतात सगळ्याच, वाळायला थांबत नाही कुणी. तुम्ही मध्ये बोलू नका. हे सगळ्यांत अवघड आहे, मला आजही तोंडावर हात ठेवून उभं राहावं लागतं.

दहा मिनिटं झाली की लाइट बंद. टॉर्च त्या मुलीच्याच हातात द्या आणि मागे सरका. ती आधी स्वतःचे हात बघते, मग कॅन्युला. हबवर पिवळा ठिपका दिसला की खोली शांत होते. मग पेन, फोनचा रिसीव्हर, ग्लोव्हजच्या खोक्याचं तोंड, शेवंताबाईंचा पाण्याचा पेला. एकदा एका मुलीच्या चष्म्याच्या काडीवर सापडला. तिला आठवतही नव्हतं चष्मा कधी वर सरकवला ते.

प्रसंगानंतरचं बोलणं

प्रसंगाला दहा मिनिटं दिलीत तर यासाठी किमान वीस ठेवा. शिकणं इथे होतं, आणि तास संपत आला म्हणून कापलं जातं तेही हेच.

एकदा मी एका मुलीला तीस जणींसमोर उभं करून तिच्या नाकावरचा डाग टॉर्चने दाखवला होता. सगळ्या हसल्या, मीही हसले. उरलेलं सत्र ती मागच्या रांगेत राहिली आणि प्रात्यक्षिकाला कधी पुढे आली नाही. तेव्हापासून दोन बदल केले. गट पाच-सहा जणींचा, आणि पहिल्या फेरीला 'सिस्टर' मी स्वतः होते. माझ्या पेनावर डाग सापडला की मुलींना धीर येतो. डाग सापडावा म्हणून मला मुद्दाम चूक करावी लागत नाही, ही गोष्ट वेगळी.

बसताना खुर्च्या गोल मांडा, मॅडमची खुर्ची टेबलामागे नको. आधी विचारा, कसं वाटलं. रडू आलं तर येऊ द्या. मग काय घडलं ते क्रमाने. आणि मग तो एक प्रश्न, ज्याची वाक्यरचना मी अजूनही वहीत लिहून नेते: जे पाहिलं ते सांगायचं, मला त्यात काय खटकलं ते सांगायचं, आणि तिच्या मनात काय होतं ते खरंच विचारायचं.

"बॅगेची तोटी बंद केलीस आणि त्याच ग्लोव्हजने कॅन्युलाकडे वळलीस, ते मी पाहिलं. बॅगेवरचं हबवर जाईल याची मला भीती वाटली. तेव्हा तुझ्या डोक्यात काय चालू होतं?"

"मॅडम, सलाईन थांबलं म्हणाली ना ती. हवा आत गेली तर पेशंट जाईल असं वाटलं. हात धुवायला वेळच नव्हता."

बघा, निष्काळजीपणा नव्हताच. भीती होती, आणि भीतीच्या मुळाशी चुकीची माहिती. साध्या, उंचीवरून थेंब थेंब जाणाऱ्या सलाईनमध्ये बाटली रिकामी झाल्याबरोबर हवा शिरेत धावत नाही. रक्त नळीत मागे येतं, कॅन्युला बंद पडू शकतो, तेव्हा लक्ष द्यायलाच हवं. पण ग्लोव्हज काढून हँडरब चोळण्याइतके सेकंद हातात असतात. "हात का नाही धुतलेस?" असं विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, "सॉरी मॅडम", आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच झालं असतं.

दुसरं नेहमी मिळणारं उत्तर म्हणजे "ग्लोव्हज होते ना". यावर मी एवढंच विचारते, ग्लोव्हजमुळे कोण सुरक्षित होतं? बाकी चर्चा मुली करतात.

व्हिएन्नात १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइसने शवविच्छेदन करून प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. ही गोष्ट आपण पुस्तकातून शिकवतो. पुढे त्याने विरोधकांना उघड पत्रं लिहून खुनी म्हटलं, हे सहसा सांगत नाही. त्याचं म्हणणं खरं होतं, तरी त्याच्या हयातीत ते फारसं कुणी मानलं नाही. नव्या ट्यूटरने गोष्टीचा हा दुसरा भागही माहीत करून घ्यावा.

शेवटची पाच मिनिटं: प्रत्येकीने उद्या वॉर्डात वेगळं काय करणार ते एका वाक्यात सांगायचं. शक्य असेल तर लगेच तोच प्रसंग पुन्हा करा. दुसऱ्या फेरीला वेळ नाही म्हणून मी पूर्वी सोडायचे. आता प्रसंग कमी घेते, फेऱ्या दोन ठेवते.

सुई टोचली, रक्त सांडलं

हे दोन छोटे प्रसंग वेगळे घ्या, प्रत्येकी पाच मिनिटांचे.

सुई टोचण्याच्या प्रसंगात खरी सुई नको, बोटावर लाल पेनचा ठिपका पुरे. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं. दाबून रक्त काढायचं नाही, तोंडात बोट घालायचं नाही, ब्लीच लावायचं नाही. लगेच कळवायचं. एचआयव्हीसाठी पीईपीच्या, म्हणजे संसर्ग टाळायच्या, गोळ्या जितक्या लवकर तितकं चांगलं, शक्यतो दोन तासांत, ७२ तासांच्या आत आणि मग २८ दिवस. अशा सुईतून एचआयव्ही होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, पण लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून ०, १ आणि ६ महिन्यांचे तीन डोस पोस्टिंगआधी कुणाकुणाचे झाले याची यादी त्याच दिवशी करा. या प्रसंगात मी मुद्दाम एक गोष्ट घालते: मुलीने ट्यूटरला फोन करून सांगायचं. वरवर सोपं वाटतं. पण ओरडा बसेल म्हणून टोचलेलं लपवणाऱ्या मुली असतात, आणि ते वाक्य एकदा तोंडातून निघालेलं असलं की दुसऱ्यांदा सोपं जातं. फोन माझ्या खऱ्या नंबरवर करायला लावते.

रक्तासाठी बिटाचा रस. ग्लोव्हज, मग डागावर वर्तमानपत्र किंवा कापड, त्यावर कडेकडून मध्याकडे १ टक्का हायपोक्लोराइट, १० मिनिटं थांबायचं, मग उचलून पिवळ्यात, मग पुसायचं. काचेचे तुकडे चिमट्याने. द्रावण करणं मात्र खरोखर करून घ्या, कारण हिशेब चुकतो. ५ टक्क्यांची बाटली असेल तर एक भाग तिचा, चार भाग पाणी. ३० टक्क्यांची ब्लीचिंग पावडर असेल तर लिटरला ३३ ग्रॅम. रोज ताजं करायचं आणि त्यात संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळायचं नाही, विषारी क्लोरिन वायू सुटतो. प्रसंगात बाटलीत साधं पाणी भरा आणि चिठ्ठी लावा.

वॉर्डात गेल्यावर

पोस्टिंगच्या पहिल्याच आठवड्यात प्रश्न येतो, "मॅडम, तिथल्या सिस्टर सुईला परत कॅप लावतात. आम्ही काय करायचं?" याला लॅबमध्ये उत्तर द्या, म्हणजे प्रसंग करून. एक मुलगी स्टाफ सिस्टर, तीही दमलेली, चाळीस पेशंट एकटीच्या अंगावर असलेली. विद्यार्थिनीने काय बोलावं? "सिस्टर, तुम्ही चुकताय" हे वाक्य चालत नाही. आमच्या मुलींनी करता करता शोधलेलं एक चालतं: "सिस्टर, थांबा, मी हब कटर (सुई कापायचं यंत्र) आणते." हातात काम घेतलं की बोलणं लागत नाही.

शक्य झालं तर वॉर्डातल्या मावशींना एकदा लॅबमध्ये पाहुण्या म्हणून बोलवा. साध्या कचऱ्याच्या काळ्या पिशवीतून बाहेर आलेली सुई कुठे आणि कशी लागते, हे त्या हाताने करून दाखवतात. कचऱ्याच्या रंगांवर माझं तासभराचं व्याख्यान त्यानंतर कुणाला नको असतं.

तीन आठवड्यांनी वॉर्डात तोच पाच क्षणांचा तक्ता घेऊन उभ्या राहा, नावं न लिहिता. तुम्ही दिसलात की हात धुतले जातात, तेव्हा पहिल्या दहा मिनिटांचे आकडे सोडून द्या आणि ते मार्कांना जोडू नका. पाचवा क्षण अजून सुटत असेल तर लॅबमध्ये परत सुतळी आखा.

आवराआवर

लॅबमधलं सगळं सामान, सलाईनच्या बाटल्यांपासून स्वॅबपर्यंत, "फक्त शिकवण्यासाठी" अशा मोठ्या चिठ्ठीचं हवं, आणि ते ट्रॉलीवरून वॉर्डात जाता कामा नये. जेली डमीवरून कोमट पाणी आणि साबणाने काढा, स्पिरिटने काही डमींची कातडी खराब होते. आणि पुढच्या बॅचआधी पुन्हा अंधार करून टॉर्च फिरवा, कारण जुना डाग राहिला असेल तर नवी मुलगी न केलेल्या चुकीची धनी होते. आमच्या शेवंताबाईंच्या डाव्या कानामागचा एक डाग दोन वर्षं झाली, काही केल्या जात नाही. त्याभोवती मी मार्करने गोल काढला आहे आणि तारीख घातली आहे.